प्लॅस्टर काढल्यावर पाय बारीक का होतो?

दीड महिन्यापूर्वी माझ्या दवाखान्यात एक तरुण शेतकरी आला. आला कसला, दोघांच्या खांद्यावर हात टाकून त्याला आणला. उसाच्या ट्रॉलीवरून उतरताना पाय घसरला आणि उजव्या नडगीचे हाड मोडले होते. हाड जागचे हललेले नव्हते, त्यामुळे शहरातल्या हाडांच्या डॉक्टरांनी ऑपरेशन न करता प्लॅस्टर घातले. आदल्या दिवशी, सव्वादोन महिन्यांनी, ते काढले होते. एक्स-रे उत्तम होता, हाड छान जुळले होते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिले होते, ‘काठी घेऊन चालायला सुरुवात करावी, व्यायाम करावा.’ तरीही मुलगा घाबरला होता आणि त्याच्याहून जास्त त्याची आई.

‘डाक्टर, पोटरी खाल्ली की हो या पलस्तरानं!’ आई म्हणाल्या.

मी टेप काढून मोजले. डावी पोटरी 34 सेंटिमीटर भरली, उजवी साडेतीस. कातडी कोरडी, पापुद्रे सुटलेली, घोटा ताठ. आईंचा निष्कर्ष असा होता की प्लॅस्टर घट्ट बसले, त्यामुळे रक्त चालले नाही आणि पाय वाळला. त्यावरचा उपायही त्यांनी ठरवून टाकला होता. आणखी दोन महिने पाय खाली ठेवायचा नाही, रोज पायाचे सूप द्यायचे, दोन वेळा दूध आणि ‘ताकदीच्या गोळ्या’. मला फक्त गोळ्या लिहून द्यायच्या होत्या.

मी म्हटले, ‘काकू, पोटरी कोणी खाल्लेली नाही. तिला काम नाही असे कळले, म्हणून तिने माणसे कमी केली.’

त्यांना ते पटले नाही. पण प्रश्न चांगला आहे आणि तो मला दर महिन्याला कोणीतरी विचारतेच. पायाला काम नाही हे पायाला कळते कसे? मेंदू सांगतो म्हणावे, तर हाडाच्या आतल्या पेशींना कोण सांगतो? याचे उत्तर मी कॉलेजात असताना, म्हणजे 1980 च्या दशकाच्या शेवटी, आम्हाला नीट कोणी शिकवले नाही. कारण तेव्हा ते पुरते ठाऊकच नव्हते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत त्यातला बराच भाग उलगडला आहे. आजच्या लेखात तोच सांगणार आहे.

शाळेच्या पुस्तकातले पेशीचे चित्र आठवा. अंड्यासारखी एक पिशवी, मधोमध काळा ठिपका म्हणजे केंद्रक, आणि बाकी सगळा पातळ रस. वर्षानुवर्षे आपण हेच चित्र काढून मार्क मिळवले. ते चूक नाही, पण अपुरे आहे. पेशी नुसती रसाची पिशवी असती तर ती पाण्याच्या फुग्यासारखी लोळत राहिली असती. खरे म्हणजे पेशीच्या आत एक सांगाडा असतो. आपल्या हाडांच्या सांगाड्यासारखा नव्हे. जत्रेत राहुटी उभी करतात, तिच्यासारखा. मधे बांबू, त्याला चारी बाजूंनी दोर आणि दोर जमिनीत ठोकलेल्या मेखांना ताणून बांधलेले.

पेशीतल्या बांबूंना मायक्रोट्यूब्यूल म्हणतात. या पोकळ नळ्या असतात, जाडी सुमारे 25 नॅनोमीटर. मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर, यावरून कल्पना करा. दोर असतात ॲक्टिन नावाच्या प्रथिनाचे, सात नॅनोमीटर जाडीचे. तिसरा प्रकार या दोन्हींच्या मधल्या जाडीचा. तो चिवट असतो, सहसा तुटत नाही. कातडीच्या पेशीतले केरॅटिन हे त्यातलेच. केरॅटिनच्या या धाग्यांत जन्मतः दोष असला तर साध्या घासण्याने बाळाच्या अंगावर फोड येतात. त्या आजाराचे हे मूळ 1991 साली सापडले.

राहुटीची उपमा इथपर्यंत चालते, पुढे नाही. राहुटी एकदा उभी केली की जत्रा संपेपर्यंत तशीच राहते. पेशीतले दोर मात्र सतत सुटत असतात आणि सतत बांधले जात असतात. ॲक्टिनचा दोर म्हणजे सुट्या मण्यांची माळ समजा. एका टोकाला मणी जोडले जातात, दुसऱ्या टोकाचे गळतात. सरकणाऱ्या पेशीच्या कडेला तर मिनिटा-दोन मिनिटांत जुने दोर जाऊन नवे आलेले असतात. वाया जाणारी मेहनत वाटेल, पण सगळी गंमत तिथेच आहे. जी गोष्ट रोज नव्याने बांधली जाते, ती हवी तिथे जाड आणि नको तिथे बारीक करता येते. सिमेंटच्या खांबाला ते जमत नाही.

आता मेखांकडे येऊ. पेशी आजूबाजूच्या धाग्यांना, हाडाला किंवा शेजारणीला धरून बसलेली असते. तिच्या आवरणात काही आकडे असतात, त्यांना इंटिग्रिन म्हणतात. आकड्याचे एक टोक बाहेर अडकलेले, दुसरे टोक आत ॲक्टिनच्या दोराला बांधलेले. बांधायला मधे टॅलिन नावाचे एक प्रथिन असते. हे टॅलिन फार हुशारीने बनलेले आहे. त्याच्या शरीराला घड्या असतात, जशी घडी घालून ठेवलेली सतरंजी. बाहेरून ओढ बसली की टॅलिनच्या काही घड्या उलगडतात आणि आत दडलेल्या जागा उघड्या पडतात. त्या जागांवर दुसरे एक प्रथिन येऊन चिकटते आणि त्याच्या मदतीने आणखी दोर बांधले जातात. म्हणजे ओढ वाढली की दोर वाढतात, ओढ गेली की घड्या पुन्हा मिटतात आणि दोर पांगतात. या उलगडण्याचा थेट पुरावा 2009 साली मिळाला, एकेक रेणू चिमटीत धरून ताणून.

त्याआधी 1993 साली अमेरिकेत बोस्टनला एक सुरेख प्रयोग झाला होता. जिवंत पेशींवर सूक्ष्म चुंबकी मणी चिकटवले आणि बाहेरून चुंबकाने त्यांना पीळ दिला. मणी इंटिग्रिनला चिकटवलेले असतील तर जसजसा पीळ वाढवावा तसतशी पेशी ताठ होत जाई. तेच मणी आवरणातल्या दुसऱ्याच एखाद्या प्रथिनाला चिकटवले तर काही होत नसे. याचा अर्थ पेशीच्या अंगाला कुठेही हात लावून भागत नाही, मेखेलाच ओढ बसावी लागते. हा निरोप मेंदूकडून आलेला नाही, नसेतूनही आलेला नाही. पेशीने स्वतःच ओढ जोखली आणि स्वतःच दोर आवळले.

ताण जाणून घेण्याची आणखी एक वाट आहे. पेशीच्या आवरणात दाबाने उघडणारी छोटी दारे असतात. आवरण ताणले गेले की दार उघडते आणि कॅल्शियम आत शिरते. ही दारे 2010 साली सापडली, त्यांचे नाव पिएझो. ती शोधणाऱ्या आर्डेम पटापूटियन यांना 2021 सालच्या वैद्यकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात डेव्हिड ज्युलियस यांच्याबरोबर वाटा मिळाला. पण एवढ्यावर थांबतो, नाहीतर पोटरी राहूनच जाईल.

आधी हाडाकडे पाहू. हाड म्हणजे चुन्याचा निर्जीव खांब अशी आपली समजूत असते. चितेनंतर अस्थी उरतात म्हणून तसे वाटत असावे. जिवंत हाड तसे नसते. 1860 च्या दशकात झुरिकमध्ये फॉन मेयर नावाचे शरीररचनेचे प्राध्यापक मांडीच्या हाडाचा उभा काप दाखवत होते. खुब्याजवळ आत जी बारीक जाळी असते ती त्या कापात दिसत होती. तिथे कार्ल कुलमान नावाचे इंजिनियर होते. त्यांनी पाहताच ओळखले की जाळीच्या रेषा नेमक्या त्याच दिशांनी गेल्या आहेत, ज्या दिशांनी वजन उचलणाऱ्या क्रेनमध्ये ताण आणि दाब जातो. (याच कुलमान यांच्या एका शिष्याने पुढे आयफेल टॉवरचा आराखडा केला.) पुढे 1892 साली जर्मन सर्जन युलियस वोल्फ यांनी ग्रंथ लिहून नियम मांडला. हाडावर जसा भार पडतो तसे हाड स्वतःला घडवते, भार बदलला की रचनाही बदलते.

नियम कळला, पण हे घडवतो कोण ते कळायला आणखी शंभर वर्षे लागली. हाडाच्या आत, कठीण भागात चिणून बसवल्यासारख्या असंख्य पेशी असतात, त्यांना ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या दहा पेशींपैकी नऊहून अधिक याच. प्रत्येकीला डझनावारी बारीक हात असतात. ते हाडातल्या सूक्ष्म बोगद्यांतून जाऊन शेजारणींच्या हातांना भिडलेले असतात आणि त्या हातांत ॲक्टिनचे दोर गच्च भरलेले असतात. आपण पाऊल टाकतो तेव्हा हाड केसाच्या अंशाएवढे वाकते. बोगद्यांतले पाणी त्यामुळे हलते आणि हातांना ओढ लावते. ही ओढ म्हणजे ‘वर काम चालू आहे’ असा निरोप. ओढ थांबली की या पेशी स्क्लेरोस्टिन नावाचे प्रथिन जास्त सोडू लागतात. ते हाड बांधणाऱ्या पेशींना सांगते, ‘बस करा’. तिकडे हाड खाणाऱ्या पेशींचे काम चालूच असते, त्यामुळे हाड विरळ होते. हे स्क्लेरोस्टिन अडवणाऱ्या इंजेक्शनला हाडांच्या ठिसूळपणासाठी 2019 साली अमेरिकेत आणि जपानमध्ये मान्यता मिळाली. मला त्यातून एवढेच सांगायचे आहे की पाऊल टाकणे जे काम फुकट करते तेच काम ते इंजेक्शन पैसे घेऊन करते.

अंतराळवीरांचे उदाहरण यासाठी फार बोलके आहे. तिथे खाणेपिणे मोजून मापून असते, कॅल्शियमची कमतरता नसते, तरीही खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्का घटते. कारण वजनच नाही, पावलाचा धक्काच नाही. म्हणून अंतराळ स्थानकात त्यांना रोज जवळजवळ दोन तास यंत्रांवर व्यायाम करावा लागतो. दूध आणि गोळ्यांनी हाड वाचते असे असते, तर हा खटाटोप कोणी केला नसता. काकूंना मी हेच सांगितले. वीट, वाळू, सिमेंट अंगणात आणून टाकले म्हणून घर उभे राहत नाही, गवंड्याला काम सांगावे लागते.

स्नायूंचे म्हणाल तर ते हाडाहून अधीर. हाड विरळ व्हायला महिने लागतात, स्नायू आठवड्यात उतरू लागतो. 2007 साली अमेरिकेत साठीच्या पुढच्या काही निरोगी माणसांना त्यांच्या संमतीने दहा दिवस अंथरुणावर झोपवून ठेवले. आजार काही नाही, जेवण व्यवस्थित. दहा दिवसांत प्रत्येकाच्या दोन्ही पायांतले मिळून सरासरी जवळजवळ एक किलो मांस कमी झाले. फक्त दहा दिवसांत.

हा आकडा वाचला तेव्हा मला एक म्हातारी बाई आठवल्या. ती गोष्ट इथे सांगतो, कारण त्यात चूक माझी आहे.

सुमारे अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे आहे. मी नुकताच दवाखाना टाकला होता. माझ्या आईच्या एक मैत्रीण न्हाणीघरात घसरून पडल्या. वय सत्तरच्या पुढे, पण खुटखुटीत. रोज पहाटे सडा-रांगोळी, देवळात जाणे, नातवाला शाळेत पोहोचवणे. एक्स-रे काढला, हाड शाबूत. नुसता मुका मार होता. कंबर दुखत होती म्हणून मी लिहिले, ‘एक महिना संपूर्ण विश्रांती’. त्या काळी आम्ही हे सर्रास लिहीत असू, आणि खरे सांगायचे तर त्याने डॉक्टर काळजी घेतो आहे असे नातेवाइकांना वाटे. मुलगा आज्ञाधारक. त्याने आईला खरोखरच महिनाभर उठू दिले नाही, भांडे-पॅन सगळे अंथरुणात. महिन्याने मी गेलो आणि म्हटले, ‘आता उठा मावशी’. त्यांना उभे राहता येईना. पाय थरथरत, घेरी येई, भीती बसली होती. मग आणखी विश्रांती. मग पाठीला जखमा झाल्या. पुढच्या पावसाळ्यात छातीत कफ साठून त्या गेल्या. मुलगा आजही भेटला की वाकून नमस्कार करतो, ‘तुम्ही फार केलंत आईसाठी’ म्हणतो. मी त्याला कधी खरे सांगितले नाही. तो हा लेख वाचत असेल तर त्याने तो वाचावा.

आज खुब्याचे हाड खरोखर मोडलेल्या म्हाताऱ्या माणसाचेही ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत करावे आणि दुसऱ्या दिवशी त्याला उभे करावे अशी पद्धत आहे. नातेवाईक तेव्हा डॉक्टरवर चिडतात, ‘काल टाके घातले आणि आज उभं करता?’ म्हणून. चिडू नका.

ओढीने शरीर घडते याचा सर्वांत धाडसी उपयोग रशियात झाला. सायबेरियातल्या कुर्गान या आडगावच्या शहरात गावरिल इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर होते. महायुद्धानंतरचा काळ, मोडलेली हाडे घेऊन आलेल्या लोकांची रांग, साधने तुटपुंजी. त्यांनी पायाभोवती लोखंडी कडी आणि हाडातून आरपार बारीक तारा असे उपकरण बनवले. त्यात त्यांना असे दिसले की कापलेल्या हाडाची दोन टोके हळूहळू दूर नेली तर मधल्या फटीत नवे हाड तयार होते. दिवसाला एक मिलिमीटर, तेही एकदम नव्हे, पाव पाव मिलिमीटर चार वेळा. याहून भरभर ओढले तर फटीत हाड होत नाही, फार सावकाश ओढले तर फट अकाली बुजते. फटीतल्या पेशी आणि धागे ओढीच्या दिशेने रांगेत लागतात. हाडच नव्हे, कातडी, शिरा, नसा, सगळे वाढते. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचे सुवर्णपदक मिळवलेला वालेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात पायाने अधू झाला होता. किती तरी ऑपरेशने झाली, पाय आखूड राहिला. 1968 साली तो इलिझारोव्ह यांच्याकडे गेला आणि नंतर पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारून आला. आपल्याकडेही हे उपकरण आता वापरले जाते. पायाला कडी लावलेला माणूस एस.टी. स्टँडवर दिसला तर बघे जमतात, म्हणून मुद्दाम सांगितले.

मात्र ओढ नेहमी भल्याचीच असते असे नाही. चुलीने किंवा स्टोव्हने भाजलेल्या माणसाची मान छातीला चिकटते, बोटे तळहातात वळतात, हे आपण सर्वांनी कुठे ना कुठे पाहिले आहे. तिथेही हाच सांगाडा काम करत असतो. जखम भरायला ज्या पेशी येतात त्या जखमेच्या कडा जवळ ओढण्यासाठी आपल्यात ॲक्टिनचे जाड दोर तयार करतात, जवळजवळ स्नायूसारखे. 1971 साली त्यांची ओळख पटली. छोट्या जखमेत ही ओढ उपयोगाची, जखम लहान होते. मोठ्या भाजण्यात ती थांबतच नाही, कारण ओढीने ताण वाढतो आणि ताणाने दोर आणखी जाड होतात. आठवडेच्या आठवडे हे चालते आणि सांधा वाकत जातो. भाजलेल्या माणसाला ज्या स्थितीत बरे वाटते त्याच स्थितीत तो कायमचा अडकतो. मान भाजली असेल तर उशी देऊ नका, मान मागे राहू द्या. कोपर, गुडघा भाजला असेल तर सरळ ठेवा. डॉक्टरांनी दिलेली पट्टी रात्री रडारड झाली तरी काढू नका. रडणे पाहवत नाही हे मला कळते. पण दहा वर्षांच्या मुलीचा वळलेला हात पुढे ऑपरेशनने सोडवताना मी पाहिला आहे, आणि तो पूर्ण सुटला नव्हता.

रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही ओढ कळते. रक्त वाहताना अस्तराच्या पेशींना घासत जाते. प्रवाह सरळ असेल तर त्या पेशी आपले दोर प्रवाहाच्या दिशेला लावून लांबट होतात, जशी ओढ्यात गवताची पाती एका दिशेला आडवी पडतात. प्रयोगशाळेत एका दिवसाच्या आसपास हा बदल दिसतो. जिथे धमनीला फाटा फुटतो किंवा वळण येते तिथे प्रवाह घुटमळतो, तिथल्या पेशींना दिशाच सापडत नाही. नेमक्या त्याच जागी चरबीचे थर बसतात. मानेतल्या धमनीच्या फाट्यावर, हृदयाच्या धमन्यांच्या फाट्यांवर. फाटे तर सगळ्यांनाच असतात, ते बदलता येत नाहीत. बिडी, रक्तदाब आणि साखर बदलता येतात.

जाता जाता सदाफुलीची गोष्ट. अंगणातल्या या झाडापासून व्हिंक्रिस्टिन नावाचे औषध निघते. ते पेशीतले बांबू, म्हणजे मायक्रोट्यूब्यूल, उभेच राहू देत नाही. दोन पेशी वेगळ्या होताना हे बांबू लागतात, ते नसले की कर्करोगाच्या पेशीला दोन होता येत नाही. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात ते अनेक वर्षे वापरले जाते. नसांमध्येही लांबलचक बांबू असतात, म्हणून हे औषध चालू असताना हातापायाला मुंग्या येतात. कृपा करून यावरून कोणी सदाफुलीचा काढा पिऊ नये. औषध मिलिग्रॅममध्ये मोजून, शिरेतून, रक्त तपासून देतात.

आता पोटरीकडे परत. प्लॅस्टरमध्ये असतानाच काय करता येते ते आधी सांगतो, कारण निम्मे नुकसान तिथेच वाचते. बोटे मोकळी असतात ती दर तासाला हलवावीत. प्लॅस्टरच्या आत सांधा हलत नसला तरी मांडी आवळता येते. पाच मोजेपर्यंत आवळायची, सोडायची, असे दहा वेळा, दिवसातून पाच-सहादा. सांधा हलला नाही तरी पेशींना ओढ मिळते. बोटे काळीनिळी पडली, बधिर झाली, दुखणे गोळीने थांबेना, तर मात्र सकाळची वाट पाहू नका, तडक प्लॅस्टर घालणाऱ्या डॉक्टरांकडे जा. प्लॅस्टर घट्ट होण्याची काकूंची भीती इथे खरी आहे. फक्त तो प्रकार तासांत घडतो, महिन्यांत नव्हे.

प्लॅस्टर निघाल्यावर पायावर किती भार द्यायचा हे ज्यांनी एक्स-रे पाहिला त्यांनीच ठरवावे. पण एकदा त्यांनी ‘चाला’ म्हटले की चालावे. पहिल्या दिवसांत घोट्याला संध्याकाळी सूज येते, रात्री पाय उशीवर ठेवला की उतरते. थोडे दुखते. भार वाढवायचा तो दिवसागणिक थोडा थोडा, इलिझारोव्ह यांच्या पाव मिलिमीटरसारखा. मात्र पोटरी अचानक टम्म फुगली, गरम झाली, किंवा दम लागला, छातीत दुखले, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तेव्हा चालणे नको, दवाखाना गाठा.

आणि मालीश. आपल्याकडे प्लॅस्टर निघाले की हाडवैद्याकडे किंवा मालीशवाल्याकडे जायचा रिवाज आहे. कोमट तेलाने हलक्या हाताने पाय चोळला तर कातडीला बरेच वाटते, माझी हरकत नाही. पण ताठ सांधा जोर लावून वाकवून घेऊ नका. लहान मुलांच्या कोपराचे तर कधीच नाही. असे रगडून घेतलेल्या कोपरात स्नायूच्या जागी हाड तयार होते आणि कोपर कायमचा अडकतो. दुसऱ्याने लावलेला झटका आणि स्वतःच्या स्नायूने हळूहळू लावलेली ओढ, या दोन्हींतला फरक पेशीला कळतो. आणखी एक. काही मुलांमध्ये जन्मतःच स्नायूच्या पेशीतला दोर आवरणाला जोडणारे प्रथिन नसते, तीन-चार वर्षांचा मुलगा वारंवार पडतो, गुडघ्यावर हात ठेवून उठतो आणि त्याच्या पोटऱ्या उलट मोठ्या दिसतात. अशा मुलाला ताकद यावी म्हणून धावायला लावू नका, त्याला तज्ज्ञांना दाखवा. तिथे जोराच्या ओढीने पेशी फाटतात.

काकूंनी माझे सगळे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, ‘मग गोळ्या?’ मी महिन्याभराच्या कॅल्शियमच्या लिहून दिल्या, नाहीतर त्यांनी मुलाला घरी चालू दिले नसते. सूपही चालू ठेवायला सांगितले, खाण्याला माझा विरोध नाही. मुलाला मात्र वेगळे बजावले. पहिला आठवडा ओसरीच्या कठड्याला धरून, दुसऱ्या आठवड्यात काठी घेऊन गोठ्यापर्यंत, तिसऱ्यात बांधापर्यंत. रोज दोन्ही पायांवर उभे राहून टाचा उचलायच्या, आधी दहा वेळा, मग वाढवत जायचे.

परवा तो परत आला, सहा आठवड्यांनी. काठी होती, पण ती आईच्या हातात होती. मी टेप काढली तर काकूंनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतः मोजले, आधी डावी, मग उजवी. उजवी 32.5 भरली. अजून दीड सेंटिमीटर कमी आहे, त्याला आणखी दोन-तीन महिने जातील. काकूंनी आकडा दोनदा पाहिला, टेप गुंडाळून टेबलावर ठेवली आणि खुर्चीत बसून लुगडे गुडघ्यापर्यंत सारले.

‘आता ह्ये बघा,’ त्या म्हणाल्या, ‘ह्ये का वाजत्यात?’

गुडघ्यांविषयी पुढच्या आठवड्यात.